वाचनालयातल्या चित्रपट-चर्चेच्या नोंदी (जून ते ऑक्टोबर २०२५)

मुंबईची प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८ पासून काम करतेय, पुण्यात १९६४ पासून चित्रपट संग्रहालय आहे. तालुक्याच्या गावात मात्र चित्रपट पाहून झाल्यावर त्याच्याबद्दल नीट बोलायचं तर वाचनालयाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. या नोंदी अशा एका वाचनालयातल्या कामाच्या आहेत. दुसऱ्या गावात हेच करायचं असेल त्यांना खर्च आणि अडचणी आधी कळाव्यात, म्हणून त्या लिहिल्या. चित्रपट दाखवणं त्यामानाने सोपं निघालं. खरा वेळ गेला तो चित्रपटानंतरचा पाऊण तास बसवण्यात.

१ जून, रविवार. जागा

सभागृह वरच्या मजल्यावर, २४ बाय १८ फूट, वर पत्रा, खाली फरशी. खुर्च्या ४०. पश्चिमेला तीन खिडक्या, त्यामुळे दुपारी चारनंतर ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं.

भिंतीचा ८ बाय ६ फुटांचा तुकडा घासून, पुट्टी मारून मॅट पांढरा रंग दोन हात दिला. चकाकणारा रंग घेऊ नये. त्यावर प्रोजेक्टरच्या दिव्याचा गोळा दिसतो आणि मधल्या खुर्च्यांवरच्या लोकांचे डोळे दुखतात. कडेने तीन इंच रुंद काळी पट्टी रंगवली. ती नसली तर चित्राची कड भिंतीत विरघळते आणि चौकटीत कोण कुठे उभं आहे हे नीट कळत नाही. पुढे चर्चेत या पट्टीचा फार उपयोग झाला.

खिडक्यांना काळ्या कापडाचा एक पदर लावला. उजेड आरपार आला, दुसरा पदर लावावा लागला. कापड खिळ्यांनी ठोकण्यापेक्षा कडेला वेल्क्रो शिवून घ्यावं. खेळ संपला की दोन मिनिटांत निघतं आणि चर्चेला वारा मिळतो. बंद खोलीत उकडलेले लोक बोलत नाहीत, दाराकडे बघतात.

खर्च: रंग व पुट्टी १,१५० रुपये, कापड व शिलाई १,६८० रुपये.

८ जून, रविवार. यंत्रांची चाचणी

प्रोजेक्टर भाड्याचा, ३,३०० ल्युमेन्स (उजेडाचं माप), दिवसाला ९०० रुपये. अंधार नीट केला तर आठ फूट रुंद चित्राला एवढा उजेड पुरतो.

तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली, चित्राचा आकार. १९५० च्या आधीचे चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीतले, चारास तीनच्या आसपास. प्रोजेक्टर सोळास नऊवर लावलेला होता, त्याने चित्र आडवं ताणलं आणि सगळे चेहरे रुंद दिसू लागले. पाहणाऱ्यांना काहीतरी खटकतं पण काय ते सांगता येत नाही, आणि जुना सिनेमा असाच असायचा असा समज होतो. लॅपटॉपच्या प्लेअरमध्ये आणि प्रोजेक्टरच्या मेन्यूतही चौकटीचं प्रमाण तपासा. दोन्हीपैकी एक चुकलं तरी चित्र ताणलं जातं. तपासायला पडद्यावर एखादं गोल चाक किंवा ताट असलेला क्षण थांबवा आणि ते गोलच दिसतं का बघा.

दुसरी, एचडीएमआयची केबल. १५ मीटरची स्वस्त केबल आणली होती, चित्र दर काही मिनिटांनी जाऊन परत येई. प्रोजेक्टरजवळ स्टूल ठेवून लॅपटॉप तिथेच घेतला आणि ३ मीटरची केबल वापरली, तेव्हा प्रश्न मिटला. आवाजाची तार मात्र लांब चालते.

तिसरी, आवाज. दोन स्पीकर मागच्या कोपऱ्यांत होते, ते पडद्याखाली आणले. जुन्या चित्रपटाचा ध्वनी एकाच वाहिनीचा असतो. तो मागून आला की संवाद पडद्यावरच्या तोंडांपासून सुटतात. फरशीमुळे घुमणारा आवाज पुढच्या मोकळ्या जागेत तीन सतरंज्या अंथरून आणि मागच्या भिंतीला जाड पडदा लावून बराच उतरला. आवाज मोठा करून शब्द स्पष्ट होत नाहीत. बास (खालचे स्वर) कमी करावा, मधले स्वर थोडे वाढवावेत.

१५ जून, रविवार. चित्रपट कोणते

परवानगीचा विचार आधी, आवडीचा नंतर. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं असतो. त्यामुळे १९३० आणि १९४० च्या दशकांतले चित्रपट मोकळे आहेत. नव्या चित्रपटासाठी हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी लागते. घरच्या ऑनलाइन वर्गणीवर दिसणारा चित्रपट सभागृहात दाखवणं चालत नाही. ती वर्गणी वैयक्तिक वापरापुरती असते, प्रवेश मोफत ठेवला तरी.

पहिली निवड 'संत तुकाराम' (१९३६, प्रभात फिल्म कंपनी; दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल). दुसरी 'कुंकू' (१९३७, दिग्दर्शक व्ही. शांताराम). चर्चेच्या दृष्टीने या दोन्हींचा फायदा असा की गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. 'पुढे काय झालं' यावर वेळ जात नाही, 'कसं दाखवलं' याकडे लवकर येता येतं.

२९ जून, रविवार. 'संत तुकाराम', पहिला खेळ

आषाढी ६ जुलैला होती, म्हणून आधीचा रविवार. सायंकाळी सहाची वेळ. खुर्च्या भरल्या, सात-आठ जण सतरंजीवर.

चित्रपट नीट पार पडला. चर्चा झालीच नाही. कारणं सुटी सुटी लिहितो, कारण पुढचं सगळं काम ती दूर करण्याचंच होतं.

चहा. चित्रपट संपल्यावर चहा खाली ठेवला होता. लोक खाली उतरले, गटागटाने बोलले, निम्मे परत वर आलेच नाहीत. जिन्यात चाललेलं बोलणं पुढे सभागृहात झालं त्यापेक्षा चांगलं होतं. म्हणजे लोकांकडे बोलायला होतं, ते चहाने विखुरलं.

वेळ. साडेआठ वाजले होते. खेड्यांवरून आलेल्यांची शेवटची एसटी नऊची. बायका आधी उठल्या, त्यांच्यामागे बाकीचे.

प्रश्न. 'कसा वाटला चित्रपट?' असं विचारलं. 'छान', 'भक्तिमय', 'आता असे सिनेमे होत नाहीत' अशी उत्तरं आली. या प्रश्नाला दुसरं उत्तर येणं कठीणच. तो चित्रपटाबद्दल विचारतो आणि माणसाला स्वतःचं मत एका शब्दात द्यायला लावतो.

मांडणी. चर्चा चालवणारा पडद्यासमोर माईक घेऊन उभा, बाकी सगळे रांगेत बसलेले. सगळी उत्तरं त्याच्याकडे गेली, एकमेकांकडे एकही नाही. निवृत्त शिक्षकांपैकी एकांनी माईक घेतला आणि वारकरी संप्रदायाचा इतिहास सांगितला. माहिती चांगली होती, पण नुकत्या पाहिलेल्या चित्रपटातला एकही प्रसंग तीत नव्हता. माईक हातात आला की माणूस उभा राहतो, आणि उभा राहिला की भाषण करतो.

खर्च: प्रोजेक्टर ९००, चहा ६४०.

१३ जुलै, रविवार. तोच चित्रपट, तीन तुकडे

नवा चित्रपट आणण्याऐवजी तोच परत घेतला, पण पूर्ण नाही. वेळ दुपारी साडेतीन. माईक नाही. खुर्च्या घोड्याच्या नालेसारख्या, उघडी बाजू पडद्याकडे. ३० पर्यंत माणसं असतील तर माईक लागत नाही.

तीन जागांचे मिनिट-सेकंद आधी वहीत लिहून ठेवले. व्हीएलसी प्लेअरमध्ये कंट्रोल आणि टी दाबलं की थेट त्या वेळेवर जाता येतं, ई दाबलं की एकेक चौकट पुढे सरकते. ही तयारी नसेल तर प्रसंग शोधताना चित्रपट पुढेमागे पळत राहतो आणि लोकांचं लक्ष उडतं.

पहिला तुकडा सुरुवातीचा. तुकाराम 'पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी' गातात आणि पुढे तोच अभंग त्यांचा मत्सर करणारा सालोमालो स्वतःचा म्हणून देवळात गातो. दाखवण्याआधी एवढंच सांगितलं: दोघांचे डोळे, हात आणि तोंड कोणाकडे आहे ते बघा. मग दिवे लावून प्रत्येकाला एकेक वाक्य, आणि त्या वाक्यात फक्त दिसलेलं किंवा ऐकू आलेलं.

इथे चर्चा सुटली. एकीने म्हटलं, तुकाराम कोणासाठी गात नाहीत. तिला विचारलं, हे कशावरून? ती म्हणाली, समोर ऐकणारं कोणी धरलेलंच नाही, सालोमालोला मात्र ऐकणारे लागतात. दुसऱ्याने चालीतला फरक पकडला: शब्द तेच, पण सालोमालोच्या गळ्यात ताना आहेत. त्यावर तिसरा म्हणाला, ताना घेणं म्हणजे खोटेपणा का? बालगंधर्वही ताना घ्यायचे. वीस मिनिटं यावर वाद झाला, आणि वादात उल्लेख सगळे पडद्यावरच्या गोष्टींचे होते. 'हे कशावरून?' हा सगळ्यांत कामाचा प्रश्न ठरला. मात्र तो उलटतपासणीच्या सुरात विचारू नये. तसा विचारला तर माणूस मत मागे घेतो आणि गप्प बसतो.

दुसरा तुकडा 'आधी बीज एकले'. हा तुकोबांचा अभंग असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तो शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिला. हे सांगून न टाकता कपाटातली गाथा काढली आणि मागची अभंगसूची दोघांना शोधायला दिली. सूचीत तो मिळाला नाही तेव्हा खोलीत जी शांतता झाली, तिच्यानंतर लोक खुर्च्या पुढे ओढून बसले. मग प्रश्न आला: तुकोबांचाच वाटावा असं त्यात काय आहे? शब्द, चाल, की गाणारे विष्णुपंत पागनीस? वाचनालयात चर्चा ठेवण्याचा हाच फायदा. पुस्तक चार पावलांवर असतं. पुढच्या प्रत्येक वेळी चित्रपटाशी संबंधित तीन-चार पुस्तकं आधीच टेबलावर काढून ठेवली.

तिसरा तुकडा, तुकारामांची बायको जिजाई चप्पल घेऊन देवळात जाते तो, वेळेअभावी राहिला. पाऊण तासात दोनच तुकडे नीट होतात. तीन ठेवले तर तिसरा घाईत जातो.

२७ जुलै, रविवार. 'कुंकू'

पाऊस. पत्र्यावर एवढा आवाज की संवाद कळेनात. दहा मिनिटांत सगळं सामान खालच्या स्लॅबच्या वाचनकक्षात हलवलं. तिथे भिंत रिकामी नाही, म्हणून जुन्या फ्लेक्सची पांढरी पाठ ताणून बांधली. ती थोडी चकाकते, पहिल्या रांगेला त्रास होतो. जाड पांढरं कापड लावून बघितलं, पण मागे काळं अस्तर नसल्याने उजेड पलीकडे गेला आणि चित्र फिकं पडलं. पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत जुना चित्रपट लावायचाच नाही, असा नियम केला. हलवाहलवीत चाळीस मिनिटं गेली आणि ती चर्चेच्याच वेळातून गेली.

चर्चेत वेगळी अडचण आली. नीराचं लग्न तिला न विचारता म्हाताऱ्या काकासाहेबांशी लावलं जातं, आणि ती ते लग्न मान्य करत नाही. विषय इतका जोरकस की पहिल्या वाक्यापासून लोक जरठ-कुमारी विवाहावर, मग हुंड्यावर, मग आजच्या मुलींच्या लग्नाच्या वयावर गेले. बोलणं मनापासून होतं, दोन-तीन बायका पहिल्यांदाच बोलल्या. ते तोडणं बरोबर वाटलं नाही. पण अर्ध्या तासात चित्रपट कोणालाच आठवेना. हेच बोलणं चित्रपट न पाहताही झालं असतं.

१० ऑगस्ट, रविवार. 'कुंकू', फक्त कान

उघडीप होती, तरी खालचाच कक्ष घेतला.

या चित्रपटात वेगळं पार्श्वसंगीत जवळपास नाही. प्रसंगात जे आवाज खरोखर असतील तेवढेच ठेवलेले आहेत. १९३७ मध्ये हे धाडसच होतं. त्यावर बैठक बांधली. घरातला एक दहा मिनिटांचा भाग निवडला. प्रत्येकाला कोरा अर्धा कागद आणि पेन्सिल. सूचना एकच: ऐकू येईल तो प्रत्येक आवाज क्रमाने लिहा. पेन देऊ नका, अंधारात टोपणं पडतात आणि शोधाशोध होते.

कागद एकत्र वाचले तेव्हा घड्याळ जवळजवळ सगळ्यांच्या यादीत होतं, पण आधीच्या रविवारी त्याचा उल्लेख कोणीच केला नव्हता. यादीतले सगळे आवाज फळ्यावर लिहिले आणि विचारलं: यातले काकासाहेबांचे कोणते, नीराचे कोणते? या प्रश्नातून लग्नाचा विषय परत आला. या वेळी तो घड्याळाच्या टोल्यांतून आणि नीराच्या आवाजाच्या चढउतारातून आला. म्हाताऱ्याच्या शेवटाबद्दल त्याची कीव करायची की राग, यावर मतं फुटली. प्रत्येकाला पुरावा म्हणून कुठला तरी क्षण परत बघायचा होता. चार क्षण परत लावले.

सामाजिक विषयाच्या चित्रपटाला हीच वाट धरावी. विषय टाळायचा नाही, त्याच्याकडे एका ठरावीक इंद्रियाने जायचं: फक्त आवाज, फक्त दारं-खिडक्या, फक्त कोण बसलंय आणि कोण उभं आहे.

मध्ये वीज गेली. प्रोजेक्टरसाठी ६०० व्हीएचा यूपीएस ठेवला होता. त्याच्यावर चित्रपट चालवत बसू नये. दिव्याचा प्रोजेक्टर रीतसर बंद करून पंखा थांबेपर्यंत तेवढा वेळ मिळतो. तापलेला दिवा झटक्यात बंद झाला की त्याचं आयुष्य कमी होतं, आणि भाड्याच्या यंत्राचा दिवा भरून द्यावा लागतो.

२४ ऑगस्ट, रविवार. खेळ नाही

गणपती तीन दिवसांवर, चौकात मांडव आणि ध्वनिक्षेपक. तारीख आधीच रिकामी ठेवली होती. वहीची पद्धत बदलली. आतापर्यंत इतिवृत्तासारखं 'अमुक यांनी विचार मांडले' असं लिहिलं जात होतं, पुढच्या वेळी त्याचा काही उपयोग होत नव्हता. आता पानावर दोन रकाने: डावीकडे 'दिसलं, ऐकलं', उजवीकडे 'त्यावरून वाटलं'. डावा रकाना रिकामा आणि उजवा भरलेला दिसला की चर्चा भरकटली हे लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. तो चर्चा चालवणाऱ्याला खूण करतो.

१४ सप्टेंबर, रविवार. 'कोर्ट', घरी पाहून

चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा चित्रपट. दाखवायचा नव्हता. ज्याने-त्याने आपापल्या सोयीने आठवडाभरात पाहून यायचं आणि इथे फक्त बोलायचं. प्रोजेक्टरचं भाडं वाचलं, खोली अंधारी करावी लागली नाही.

तोटे: सतरा जण आले, पण पूर्ण पाहिलेले अकरा. काहींनी तुकड्यातुकड्यांत, मोबाइलवर, 'संथ भाग' पुढे ढकलत पाहिला होता. या चित्रपटात तो भागच महत्त्वाचा आहे. कॅमेरा हलत नाही, माणसं निघून गेली तरी चौकट तिथेच थांबते. म्हणून चर्चेची सुरुवात तिथूनच केली: कुठे पुढे ढकलावंसं वाटलं? ही उत्तरं सगळ्यांनी मोकळेपणाने दिली. सुट्टीआधी न्यायालयातले दिवे विझवले जातात तो लांब शॉट जवळजवळ सगळ्यांनी सांगितला. अंधार होईपर्यंत का थांबायचं? इथल्या तालुका न्यायालयात तारखांना जाणारे दोघे होते. त्यातल्या एकाने उत्तर दिलं ते सगळ्यांना पटलं: तारीख मिळाली की आपण निघतो, इमारत तिथेच उभी असते.

दुसरा प्रश्न सरकारी वकील आणि बचाव पक्षाचा वकील यांच्या न्यायालयाबाहेरच्या प्रसंगांचा. तिचा लोकलचा प्रवास, घरचा स्वयंपाक. त्याची सुपरमार्केटमधली खरेदी. हे काढून टाकलं तर खटल्यात काय बदलतं? यावर पाऊण तास पुरला नाही.

घरी पाहायला सांगताना निरोपात तीन गोष्टी लिहाव्यात: एका बैठकीत पाहा, पुढे ढकललंत तर ती वेळ लिहून ठेवा, एका प्रसंगाची वेळ टिपून आणा. पहिल्या निरोपात फक्त चित्रपटाचं नाव आणि तारीख होती.

२० सप्टेंबर, शनिवार. आठवी-नववीची मुलं

सकाळची शाळा सुटल्यावर. 'श्यामची आई' (१९५३), आचार्य अत्र्यांचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. पूर्ण दाखवला नाही, पस्तीस मिनिटांचा भाग.

मुलांनी पाठ्यपुस्तकातल्यासारखा बोध सांगितला, एकाच्या तोंडून ऐकलेला दुसऱ्याने. हात वर करायला लावणं बंद केलं, कागद दिले आणि लक्षात राहिलेली एक चौकट काढायला सांगितली. वर चारास तीनचा चौकोन आखून दिला. चित्रं भिंतीवर लावली. एकाच प्रसंगाच्या तीन चित्रांत आई तीन वेगवेगळ्या जागी होती, एकात चौकटीबाहेर. मग तो क्षण परत लावून थांबवला. भिंतीवरची काळी पट्टी इथे कामाला आली. मुलांनी बोट दाखवून कडा मोजल्या. चित्र काढायला दहा मिनिटं पुरतात. पंधरा दिली की सुशोभन सुरू होतं.

५ ऑक्टोबर, रविवार. हिशेब आणि सामान

एकदाच झालेला खर्च: रंग १,१५०, कापड १,६८०, दोन केबली ७८० (त्यातली एक वाया), यूपीएस २,९००, कागद-पेन्सिली २१०. एकूण ६,७२० रुपये. दर खेळाला ९०० भाडं. चहा आता चर्चेनंतर, पाऊण तास पूर्ण झाल्यावर आणि वरच्याच मजल्यावर, साधारण ४०० रुपये.

बैठकीचा क्रम आता असा बसलाय: साडेतीनला सुरुवात, चित्रपट, खिडक्यांचं कापड काढणं, पाच मिनिटं कोणीही बोलायचं नाही, प्रत्येकाने चिठ्ठीवर एक दिसलेली किंवा ऐकलेली गोष्ट लिहायची, मग चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. वाचताना नाव सांगायचं नाही. जे लोक आपणहून कधी बोलत नाहीत त्यांच्या चिठ्ठ्या बहुधा सर्वांत बारीक नजरेच्या असतात, आणि आपली चिठ्ठी वाचली गेली की त्यातले बरेच पुढे बोलतात. ही पाच मिनिटं वगळायचा मोह होतो, विशेषतः उशीर झाला असेल तेव्हा. वेळ कमी पडत असेल तर दुसरा तुकडा सोडावा, चिठ्ठ्या ठेवाव्यात.

चर्चा चालवणारा दर वेळी वेगळा. त्याने चित्रपट आधी दोनदा पाहिलेला हवा, दुसऱ्यांदा वेळा टिपत. त्याने स्वतःचं मत पहिला अर्धा तास सांगू नये.

दिवाळी २०-२१ ऑक्टोबरला, तोपर्यंत खेळ नाही. नोव्हेंबरसाठी 'माणूस' (१९३९) ठरलाय. सव्वाचारच्या उन्हासाठी मधल्या खिडकीला तिसरा पदर शिवायला टाकला आहे.